ब्लँकमधलं सेरीन

महादेवपुऱ्याहून निघालेली कंपनीची बस सिल्क बोर्डच्या चौकात अडकली की शिवलीलाचा अर्धा दिवस तिथेच संपायचा. त्या सोमवारी ती बोम्मसंद्र्याच्या लॅबमध्ये पोचली, तेव्हा डब्यातली आमटी पिशवीत सांडली होती आणि एका डोळ्यातली झोप अजून उतरायची होती. तिने पांढरा कोट चढवला, ग्लोव्हज घातले आणि आपल्या मशीनपाशी आली, तर... टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. निळे मोजे. उजव्या अंगठ्यापाशी भोक.

पाय हलत नव्हते.

“एक्सक्यूज मी,” ती म्हणाली.  मग तिने वाकून पाहिलं. एक तरुण पान्ह्यांची बॅग उशाला घेऊन, छातीवर हात ठेवून, शांत झोपला होता. मशीनचा सर्व्हिस इंजिनियर येणार असं लॅबच्या दयानंद सरांनी शुक्रवारी सांगितलं होतं खरं. तो झोपायला येणार असं मात्र सांगितलं नव्हतं.

“सर, आर यू ओके?”

“आई... पाच मिनिटं झोपू दे नं,” टेबलाखालून आवाज आला.

शिवलीलाला हसू फुटलं. या लॅबमध्ये कानडी चालायचं, इंग्रजी चालायचं, कँटीनमध्ये थोडं हिंदी. मराठी ती फक्त रात्री फोनवर, निपाणीला आईशी बोलायची. तेही अर्धं जांभयांत.

“झोपा की पाच मिनिटं,” ती म्हणाली. “पण मी आई न्हाई. आणि उठताना सावकाश उठा, वर टेबल हाय.”

तो सावकाश उठला नाही. डोकं आपटलंच.

त्याचं नाव प्रणीत. गाव नागपूर, मुक्काम शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत. शहरभरच्या लॅबमधली मशीनं दुरुस्त करत हिंडायचं हे त्याचं काम. सकाळी उजाडताच येऊन त्याने पंपाचं सील बदललं होतं आणि दाब स्थिर व्हायची वाट बघता बघता त्याचा डोळा लागला होता. हे सगळं त्याने टाळू चोळत, खाली मान घालून सांगितलं.

“साहेबांना सांगू नका मॅडम.”

“काय सांगायचं? मलाबी तिथं झोपावंसं वाटतंय किती दिवस. जागा कशी हाय?”

“गार लागते फरशी,” तो गंभीरपणे म्हणाला. “पण पंपाचा आवाज चांगला आहे. पाऊस पडून राहिल्यासारखा.”

ती पुन्हा हसली. सकाळी सकाळी दोनदा हसणं तिच्या सवयीचं नव्हतं.

शिवलीलाची कंपनी सलाइनच्या बाटल्या बनवायची. ज्यांना तोंडावाटे अन्न जात नाही अशा पेशंटना शिरेतून द्यायचं अमिनो आम्लांचं द्रावण. कोणत्या बॅचमध्ये कोणतं आम्ल किती आहे, ते शिवलीलाच्या ताब्यातलं हे मशीन सांगायचं. पण त्याआधी नुसतं कोरं द्रावण चालवून बघायचं असे. त्याला म्हणायचं ब्लँक. ब्लँकची रेषा पडद्यावर सपाट आली, तर मशीन खरं बोलतंय. रेषेवर कुठे उंचवटा आला, तर कुठून तरी काहीतरी मिसळलंय, आणि मग बॅच अडकली. बॅच अडकली की दयानंद सर. आणि दयानंद सर म्हणजे मान खाली घालून ऐकून घेण्याचाच विषय.

एक नमुना चालायला दीड तास लागायचा. दुरुस्ती झाल्यावर इंजिनियरनेही तो दीड तास बसूनच काढायचा, अशी पद्धत. मशीनला घाई नसते. दमलेल्या दोन माणसांना समोरासमोर बसवून ठेवायची याहून सभ्य सोय बेंगळुरूत दुसरी नसेल.

“मॅडम, एक विचारू?” पडद्यावर पहिली टेकडी उगवत होती तेव्हा प्रणीत म्हणाला. “मी पंप उघडतो, दिवा बदलतो. पण हे जे एकामागून एक येऊन राहिले, ते नेमके कोण, हे मले कोणी सांगितलंच नाही.”

तिला वाटलं, म्हणावं, गुगल करा. पण तो खरंच बघत होता. पडद्याकडे... आणि मग तिच्याकडे.

“मधोमध एक कार्बन,” तिने ग्लोव्हजमधली मूठ पुढे धरली. “त्याला चार हात. एका हाताला अमिनो गट, दुसऱ्या हाताला आम्लाचा गट. म्हणून नावच अमिनो आम्ल. तिसऱ्या हातात नुसता हायड्रोजन. हे तीन हात सगळ्यांचे सारखेच.”

“आणि चौथा?”

“चौथ्यात ज्याचं त्याचं. त्यालाच आमी साइड चेन म्हणतो. एखाद्याला पाणी आवडतं, एखाद्याला बिलकुल न्हाई. एखादं आम्लाकडं झुकणारं, एखादं उलट. सगळा स्वभाव त्या चौथ्या हातात. त्यावरच ठरतं कोण नळीतनं आधी बाहेर येणार, कोण रेंगाळणार.”

“सगळ्यात साधं कोण?”

“ग्लायसीन. चौथ्या हातातबी हायड्रोजनच. काही सामान न्हाई, काही न्हाई.”

“म्हणजे मी,” प्रणीत म्हणाला. “एक बॅग, पाच पान्हे.”

“आणि भोकाचा मोजा,” ती म्हणाली. त्याने पाय टेबलाखाली ओढून घेतले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शिवलीलाने पडद्याकडे बघितल्यासारखं केलं.

पुढच्या आठवड्यात ब्लँक बिघडलं. सपाट रेषेवर तीन-चार टेकड्या आल्या. दयानंद सरांनी तक्रार नोंदवली आणि प्रणीत पुन्हा आला. सुई बदलली, नळ्या धुतल्या, स्वतः ब्लँक भरून लावलं. रेषा सपाट. सरांनी मान डोलावली, ‘सरी’, म्हणजे ठीक, म्हणाले आणि गेले. दोघं दीड तास बसले.

तो गेल्यावर चार दिवसांनी ब्लँक पुन्हा बिघडलं.

“तू आलास की मशीन गुणी. तू गेलास की हट्टी,” सर त्याला कानडी इंग्रजीत म्हणाले. “सर्व्हिस करतोस की जादू?”

प्रणीतने मान खाली घालून पान्हा बाहेर काढला. त्या दिवशी दुपारी मात्र दोघं कँटीनमध्ये जेवले. शिवलीलाने डबा उघडला, त्याने ताटातला बिसीबेळेभात तिच्या डब्याच्या झाकणात वाढला. कोणी न विचारता. तो सांगत होता नागपूरच्या उन्हाचं, पीण्याच्या खोलीचं... खोलीखालच्या कारखान्यात दिवसभर लोखंड कापतात, सुट्टीच्या दिवशी शांतता झाली की त्यालाच चुकल्यासारखं वाटतं. ती सांगत होती बसचं. बसमध्ये उभ्याने झोपायची कला तिला येते हे ऐकून त्याने हात जोडले.

“तुमाला इथं करमतं?” तिने विचारलं.

“करमायला टाइम कुठे आहे?” तो म्हणाला. मग थांबून, “पण... इथे येतो तेव्हा करमते.”

तिने भातातला शेंगदाणा उगाच बाजूला सारला.

“ही दोन आम्लं एकमेकाला जोडली कशी जातात?” त्याने घाईघाईने विषय बदलला. म्हणजे बदलला असं त्याला वाटलं.

“एकाचा आम्लाचा हात, दुसऱ्याचा अमिनो हात. पण जोडायचं तर आधी दोघांनी थोडं थोडं सोडाया लागतं. एक सोडतो हायड्रोजन आणि ऑक्सिजन, दुसरा नुसता हायड्रोजन. मिळून पाण्याचा एक रेणू निघून जातो.”

“आणि मग?”

“मग काय. धरून बसतात. सहज सुटत न्हाई. तोडायचं झालं तर तीव्र आम्लात दिवसभर उकळाया लागतं.”

“बाप्पा,” प्रणीत म्हणाला आणि पुन्हा ताटाकडे वळला.

खरं सांगायचं तर प्रेमात पडायला जी उसंत लागते ती दोघांकडेही नव्हती. फिरायला जावं तर रविवारी कपडे धुवायचे असतात. रात्री फोनवर बोलावं तर फोन हातात घेताच डोळे मिटतात. पण शिवलीलाला एक गोष्ट कळली होती. या शहरात ती सगळ्यांसमोर ताजीतवानी असल्याचं दाखवायची — सरांसमोर, घरमालकिणीसमोर, आईच्या फोनवरसुद्धा. फक्त प्रणीतसमोर ती दमलेलीच्या दमलेली बसू शकायची. तो तिला ‘दमलात का’ असंही विचारायचा नाही. तिला तो आवडायला लागला होता, आणि हे स्वतःशी कबूल करायलाही तिला बसमध्ये उभं राहूनच वेळ मिळाला.

मग तिसऱ्यांदा ब्लँक बिघडलं.

या वेळी प्रणीत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. सर येऊन बोलून गेले होते. कंपनीला पत्र लिहिणार, मशीन परत करणार, बरंच काही. सर गेल्यावर तो बॅग न उघडताच स्टुलावर बसला.

“एकाच तक्रारीचे तीन कॉल झाले नं, की इंजिनियरचा एरिया बदलतात,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यापासून बद्दी. हिमाचलमध्ये. तिथे औषध कंपन्या खूप आहेत म्हणे.”

 हिमाचल. म्हणजे नकाशात बोट वर, वर, वर नेत राहायचं.

“पण मशीनचा दोष सापडला तर?”

“सापडला तर काय... राहीन इथेच.”

मग तिने कंबर कसली. झोप, थकवा, सगळं बाजूला ठेवून ती पडद्यासमोर बसली आणि बिघडलेल्या तिन्ही ब्लँकच्या रेषा एकाखाली एक लावल्या. नाजूक टेकड्या, तिन्हीत तशाच. सगळ्यात उंच सेरीन. मग ग्लायसीन. मग ॲलनीन.  हे ती कॉलेजातच शिकली होती, आणि आजवर तिच्या डोक्यात कसं आलं नाही याचं तिलाच आश्चर्य वाटलं. दमलेलं डोकं, दुसरं काय.

“प्रणीत, ही मशीनची घाण न्हाई. हा घाम हाय.”

त्याने पडद्यावरून नजर खाली घेतली.

“माणसाच्या कातडीवरच्या घामात हीच आम्लं असतात, सेरीन सगळ्यात जास्त. कोणीतरी बाटलीच्या झाकणाला उघडा हात लावलाय. या मशीनला हात लावणारे दोघंच. तुमी आणि मी. मी ग्लोव्हजशिवाय कधी बसत न्हाई.” तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. “दुरुस्ती आवरून जाताना तुमी लावला?”

“असेल,” तो म्हणाला.

“असेल म्हंजे?”

“म्हणजे... लागला असेल. असंच लिहून टाकू, इंजिनियरची चूक. मिटून जाईल.”

“अंदाजानं काय लिहायचं? मी बघतो की.” निपाणीच्या बायका ‘बघते’ म्हणत नाहीत, ‘बघतो’च म्हणतात. आणि एकदा म्हणाल्या की बघतातच.

तिने दोन स्वच्छ बाटल्यांत कोरं द्रावण घेतलं. एक ग्लोव्ह काढून एकीत आपलं बोट क्षणभर बुडवलं. दुसरी त्याच्यापुढे धरली. त्याने बोट बुडवताना तिच्याकडे पाहिलं आणि बोट बाटलीत जरा जास्तच वेळ राहिलं. “झालं,” ती म्हणाली, “आंघोळ न्हाई घालायची.” तिने नवे ग्लोव्हज घातले, दोन्ही बाटल्या मशीनवर चढवल्या. आता तीन तास.

 खिडकीबाहेर ट्रक जात होते. तिने त्याला एकदा सांगितलं की बहुतेक अमिनो आम्लांना डावं-उजवं असतं, चपलेच्या जोडासारखं, आणि शरीर प्रथिनं बांधायला फक्त डावीच घेतं. त्याने विचारलं, मग उजव्यांनी काय करायचं? ती म्हणाली, बद्दीला जायचं. दोघांनाही हसू आलं नाही.

शेवटी दोन्ही रेषा झाल्या. तिने त्या एकावर एक ठेवल्या. तिची निळी, त्याची लाल. सेरीनपाशी दोन्ही चढल्या, ग्लायसीनपाशी दोन्ही चढल्या, उतरल्याही बरोबरच. कुठे लाल केसभर वर, कुठे निळी.

“दोघांची सारखीच की,” ती हळूच म्हणाली.

“सारखीच आहे,” तोही हळूच म्हणाला.

बघायला छान होतं ते. पण उपयोग शून्य. बोट कोणाचं हे यावरून कधीच कळणार नव्हतं, आणि तो बद्दीला जाणार होता. शिवलीलाची सगळी ताकद एकदम सरली. तिने टेबलावर कोपर टेकलं, तळव्यावर गाल ठेवला आणि डोळे मिटून घेतले. हे ती रोजच करायची. रेषा पुढे सरकताना बघत बसलं की मानेला दुसरा आधार कुठला?

सळसळ झाली. तिने डोळे उघडले. प्रणीतने खोक्यातून ग्लोव्हजची नवी जोडी काढून तिच्यासमोर ठेवली होती.

“बदलून घ्या,” तो म्हणाला. अगदी हळू. रोजचंच असल्यासारखं.

“का?”

त्याने तिच्या हाताकडे बोट दाखवलं. तिने आपल्या तळव्याकडे बघितलं. निळ्या रबरावर गालाचा घाम चमकत होता. हाच हात घेऊन ती उठायची आणि पुढची बाटली भरायची. ग्लोव्ह घातलेला होता, म्हणून तिला कधी शंकाच आली नव्हती. ग्लोव्ह हातात होता. हात गालावर होता. आणि गाल तिचा होता.

“तुमाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“दुसऱ्या खेपेला कळलं.”

“कसं?”

“मी... बघत असतो नं तुमच्याकडे,” प्रणीत म्हणाला. आता त्याचे कान, गाल, मान सगळंच लाल झालं होतं. “तुम्ही अशा हात लावून बसता. मशीनकडे कमी बघतो मी. सांगणार होतो. पण सर तुम्हाला बोलले असते. तुम्ही आधीच एवढ्या दमलेल्या असता. म्हटलं, माझ्यावर आलं तर काय, मी बद्दीला जाईन. तुमचं काम टिकेल.”

कोणी आपल्यासाठी एवढं करावं आणि आपल्याला राग यावा, हे विचित्रच. पण तिला राग आला. डोळे भरून आले आणि तरी राग आला.

“माझ्या चुकीचं ओझं तुमी कोण उचलणार?” ती म्हणाली. “दमलोय मी, दुबळी न्हाई. सांगायचं की तोंडावर, शिवलीला, ग्लोव्ह बदल म्हणून. चार-चार दिवस बॅच अडकल्या. तिकडं पेशंट वाट बघत असतील, त्यांचं काय? यापुढं मला विचारल्याशिवाय माझ्यासाठी काही करायचं न्हाई.”

“बरं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उतरला की तिला तिथल्या तिथे शब्द परत घ्यावेसे वाटले. पण तेवढ्यात दारात दयानंद सर आले होते.

तिने मागेपुढे पाहिलं नाही. तिन्ही रेषा दाखवल्या, दोन बोटांच्या दाखवल्या, आणि गालावर हात ठेवूनही दाखवलं. “मशीन ठीक आहे सर. इंजिनियर ठीक आहेत. चूक माझी.” सर जे बोलायचं ते बोलले. भरपूर बोलले, कानडीतही आणि इंग्रजीतही. पण नोकरी गेली नाही. बाटली भरण्याआधी नवीन ग्लोव्हज घालायचे असा नियम भिंतीवर लागला, आणि ते तीन कॉल सर्व्हिस कंपनीच्या माथ्यावरून उतरले. बद्दी रद्द झाली. हे तिला सरांकडून कळलं, प्रणीतकडून नाही. तो मुकाट्याने बॅग उचलून गेला होता.

त्यानंतर ब्लँक रोज सपाट येऊ लागलं. बॅच वेळेवर सुटू लागल्या. सरांनी एकदा ‘गुड’ सुद्धा म्हटलं. शिवलीला बसने यायची, बसने जायची. कँटीनमध्ये बिसीबेळेभात असला की ती डबा न उघडताच परत फिरायची. मशीन बिघडत नव्हतं. ते बिघडल्याशिवाय त्याला यायला कारण नव्हतं, आणि ते आता तिच्यामुळेच बिघडणार नव्हतं. दोनदा तिने फोन हातात घेतला, आणि दोनदा ‘काय बोलायचं’ म्हणून ठेवून दिला. त्याचाही फोन येत नव्हता. माणूस चिडला असेल तर वाट बघता येते. पण आपणच एखाद्याला दुखावलं असेल तर...

एका संध्याकाळी कंपनीची बस बंद पडली आणि सगळे मेट्रोकडे निघाले. बोम्मसंद्रा स्टेशनच्या पायऱ्यांवर शिवलीला थांबली. वर चढायचं त्राण नव्हतं. तिथेच कडेला बसली आणि फोन लावला. या वेळी काय बोलायचं याचा विचार न करता.

“मॅडम?” पलीकडून दचकलेला आवाज. “ब्लँक बिघडलं काय?”

“न्हाई. सपाट हाय.”

“मग?”

“मग तुमी फोन काहून केला न्हाई?” तिच्या तोंडून ‘का’ऐवजी त्याच्या नागपूरकडचा ‘काहून’ गेला.

 त्याच्या मागे लोखंड कापल्याचा आवाज येत होता.

“तुम्ही म्हणाल्या होत्या नं,” प्रणीत म्हणाला, “विचारल्याशिवाय काही करायचं नाही. म्हणून नाही केला. रोज करावासा वाटून राहिला होता.”

तिने डोळे पुसले. आजूबाजूने कामावरून सुटलेली माणसं पायऱ्या चढत होती. कोणाला कोणाकडे बघायला वेळ नव्हता, ते बरंच होतं.

“मग आता विचारा की,” ती म्हणाली.

“...येऊ?”

“या. बोम्मसंद्र्याच्या मेट्रोच्या पायऱ्यांवर हाय.”

पीण्याहून मेट्रोच्या हिरव्या लाइनने यायचं, मधे उतरून पिवळी पकडायची, तीही गर्दीच्या वेळी. शिवलीला बसून राहिली. अंधार पडला, कोपऱ्यावरचा कणीसवाला निखारे फुलवू लागला. आणि मग तो पायऱ्या उतरत आला. खांद्याला बॅग, शर्ट चुरगळलेला, डोळ्यांत दिवसभराची झोप. तिच्यापुढे येऊन उभा राहिला. आज मधे मशीन नव्हतं.

“बोला,” तो म्हणाला. “काय दुरुस्त करायचं?”

“काही न्हाई.” ती जरा सरकली आणि बाजूची जागा हाताने झाडली. “मला तुमी आवडता, प्रणीत. यात दुरुस्त करण्यासारखं काही न्हाई. बसा.”

त्याने बॅग खाली ठेवली आणि तो तिच्याशेजारी पायरीवर बसला.